शकुनच्या वाटचा दगड

पांढुर्ण्यात सगळ्यात जास्त बोलणारी बाई कोण, असं कुणी विचारलं असतं तर आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरानंही कुसुमताई सोमकुंवरांच्या घराकडे बोट दाखवलं असतं. मी त्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, त्यामुळे माझी साक्ष पक्की धरायला हरकत नाही. आणि याच बाईनं एका रविवारी भल्या सकाळी शेजारपाजारचे लोक ओट्यावर जमवले आणि जाहीर केलं की, आजपासून दर रविवारी आपण रानात फिरायला जायचं आणि वाटेत कुणी तोंड उघडायचं नाही.

लोक हसले. मी हसले नाही, कारण मी अर्धवट झोपेत होते. मी मूळची सौसरची, शाळेत मराठी शिकवते आणि रविवारी उजाडल्या उजाडल्या उठणं हा मी गुन्हा समजते. पण जिन्याखालून, "मॅडम, उठा वं! सूर्य तुमच्यासाठी होल्डवर ठेवला आहे!" अशी हाक आल्यावर न उठून सांगता कुणाला?

हे 'होल्ड' त्यांच्या नोकरीतलं. कुसुमताई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. नागपूरला दोन शब्द बोलायचे तर आधी कॉल बुक करून तासन् तास वाट पाहावी लागायची, त्या काळात पांढुर्ण्याची लग्नं, बाळंतपणं आणि संत्र्याचे भाव त्यांच्या कानावरून पुढे जायचे. पुढे यंत्रं बदलली, मग त्या निवृत्तही झाल्या, पण तोंडातला 'होल्ड' काही गेला नाही. कुकरची शिट्टी व्हायला लागली की त्याला "होल्ड कर गा जरा" म्हणायच्या. दाराशी आलेल्या गाईलाही तेच. मुलगा पुण्याला, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, तरी घरात एकटं माणूस राहतं असं रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं नसतं. मी खाली उतरले की विषय सुरू व्हायचा आणि शाळेची घंटा झाली तरी तो मुद्द्यावर आलेला नसायचा.

मग हा मौनाचा उद्योग कशासाठी? तर शकुनसाठी.

शकुन म्हणजे शकुंतलाबाई. जाम नदीच्या पलीकडे सावरगाव, ते कुसुमताईंचं माहेर. शकुन तिथली शेजारीण. दोघी एका बाकावर बसून शिकल्या, एकीच्या डब्यातलं दुसरीनं खाल्लं. कुसुमताई लग्न होऊन नदीच्या या काठाला आल्या, शकुनबाईंना सावरगावातच एका शेतकऱ्याच्या घरी दिलं. मध्ये नुसती नदी आणि पूल, त्यामुळे मैत्रीला काही धक्का लागला नाही. पण शकुनबाईंचे यजमान गेले आणि त्यांनी घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. सून भली होती, ताट पुढ्यात ठेवायची, आणि बरेचदा ते ताट तसंच उचलायची.

कुसुमताई रोज संध्याकाळी पूल ओलांडून तिथे जायच्या आणि मैत्रिणीच्या उशाशी बसून बोलायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या बगिच्याला किती बहार आला, भाजीवाल्याला कसं सुनावलं, सगळं. भिंतीकडून उत्तर यायचं नाही. एक दिवस मात्र शकुनबाई तोंड न वळवता म्हणाल्या, "कुसुम, तू लय बोलतं वं."

दुसरी कुणी असती तर रुसून बसली असती. कुसुमताई उड्या मारतच घरी आल्या. "बोलली, मॅडम, बोलली! माह्याशी बोलली थे!" मग पाणी प्यायल्या, ओट्यावर टेकल्या, आणि शकुन नेमकं काय बोलली हे तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरलं.

"खरं बोलली थे," त्या म्हणाल्या. "मीच सारखी बोलून राहिली, त तिले बोलाले जागा कोठी आहे? मले चुप राहाले शिकाले पाहिजे. मी चुप झाली, त थे बाहेर येईन."

त्या विहारात नेमानं जाणाऱ्या, त्यामुळे ध्यान त्यांना नवं नव्हतं. नवं होतं ते मौन. नागपूरकडे मौनाचं एक शिबिर होतं, तिथे त्यांनी नाव नोंदवलं. मला विचारलं, तेव्हा मी ताबडतोब निघा म्हटलं. माझाही त्यात फायदा होता. पण त्या ठरल्यापेक्षा लवकरच परत आल्या. झालं असं की, सगळे डोळे मिटून बसलेले, हॉलमध्ये सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि बाजूच्या खोलीतला फोन वाजायला लागला. कुणीच उचलेना. जन्मभर वाजणारा फोन उचललेली बाई ती, किती वेळ सहन करणार? ताडकन उठल्या, धावत गेल्या आणि सगळ्या शिबिराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हॅलो, पांढुर्णा! होल्ड करा!"

"रागावले का ते लोक?" मी विचारलं.

"कसे रागावतीन? त्याहिचं मौन होतं ना," त्या म्हणाल्या. "पण एक गोष्ट समजली मले. बसून चुप राहनं आपल्या बसचं नाही. पाय चालू असले, की तोंड बंद राहू शकते."

अशी ती रविवारची चाल सुरू झाली. पळस फुलले होते तेव्हा. साडीखाली मुलाचे जुने स्पोर्ट्‌सचे बूट, ते मोठे होतात म्हणून पुढे कापसाचा बोळा कोंबलेला, खांद्याला फुटाण्यांची पिशवी, असा त्यांचा थाट. गाव संपतं तिथे प्रत्येकानं मुठीत मावेल एवढा एक दगड उचलायचा. त्या "होल्ड!" म्हणाल्या की तोंडं बंद. मग संत्र्याच्या बगिच्यांमधून टेकडीवर आणि टेकडीवरून खाली नदीकाठी. मन घराकडे पळालं, की दगडाचं वजन हाताला जाणवू द्यायचं, म्हणजे मन आपोआप परत येतं, असं त्या सांगायच्या. हल्ली मोबाइलवर असल्या गोष्टींना फार भारदस्त नावं असतात आणि मागे बासरी वाजत असते. आमच्याकडे बासरी नव्हती. दगड होता आणि देवरावकाकांचं धापा टाकणं होतं.

नदीकाठी पोचलं की त्या म्हणायच्या, "बोला!" मग एकेकानं आपला दगड खाली ठेवायचा आणि 'पोच' द्यायची. पत्र मिळालं की आपण मिळाल्याची पोच देतो, तशी आज सकाळपासून जे मिळालं त्याची पोच. आभार हा शब्द त्यांना आवडत नसे. तो समारंभात स्टेजवरून म्हणायचा शब्द आहे, असं त्यांचं मत होतं. पोचेचे कायदे मात्र कडक होते. गोष्ट आजचीच पाहिजे, आपल्या डोळ्यांनी पाहिलेली पाहिजे आणि एकदा सांगितलेली पुन्हा चालणार नाही.

देवरावकाका संत्र्याच्या बगिच्याचे मालक. शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, आणि एकट्यानं चालायला जीव कंटाळायचा म्हणून आमच्यात आले. पहिल्याच रविवारी त्यांनी हात जोडून सुरुवात केली, "भगवंताच्या कृपेनं..."

"होल्ड!" कुसुमताई म्हणाल्या. "थे रोजचं आहे, काकाजी. भगवंताची पोच घरी द्या. इथी आजचा माल पाहिजे."

काकांनी खूप डोकं खाजवलं. "थो काळा कुत्रा," ते शेवटी म्हणाले. "रोज अंगावर येते माह्या. आज नाही आला."

"पास!"

पुढच्या रविवारी काकांनी पुन्हा तोच कुत्रा पुढे केला आणि नापास झाले. वयस्कर माणूस, चारचौघांत नापास होणं त्यांना लागलं. तेव्हापासून ते वाटेनं डोळे फाडून चालायला लागले. कधी बाभळीच्या काट्याला अडकलेलं निळं पीस, कधी मुंग्यांनी ओढत नेलेला चतुराचा पंख. ज्या बगिच्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यात सुगरणीचं घरटं त्यांना या वयात पहिल्यांदा दिसलं. त्या दिवशी ते आनंदानं नुसते फुलले होते आणि मला माझंच आश्चर्य वाटलं, कारण मीही फुलले होते. मृगाच्या बहाराचा वास, माझ्या चपलेवर बसून टेकडीपर्यंत आलेला टोळ, असल्या गोष्टींनी मी खूश होत होते. रविवारी मला कुणी हाक मारायची गरज उरली नाही, हे मी इथे कबूल करते, पण त्यांच्यासमोर कधी केलं नाही.

आता शकुनबाईंचं. कुसुमताई गावाबाहेर दोन दगड उचलायच्या, दोन्ही हातांत एकेक. नदीकाठी उजव्या हातातला आधी ठेवायच्या आणि आपली पोच द्यायच्या. मग डावा. "हा शकुनच्या वाटचा," एवढंच म्हणायच्या. त्याला पोच नसायची. "तिची थेच देईन," म्हणायच्या आणि पलीकडे पाहायच्या. आम्ही दगड ठेवायचो ती जागा त्यांनी मुद्दाम निवडली होती. समोरच्या काठावर शकुनबाईंच्या घराची मागची भिंत दिसायची, आणि त्या भिंतीत एक छोटं, कायम लावलेलं दार.

संध्याकाळी त्या तिकडे जातच होत्या, पण आता नुसत्या बसायच्या. जीभ वळवळली की पदराखाली मुठीत एक गोटा दाबायच्या. रविवारी तेवढी एका वाक्याची सवलत स्वतःला दिली होती, "शकुन, तुह्या वाटचा दगड ठेवला आज." बस, एवढंच. असंच एकदा दोघी अंधारून येईपर्यंत गप्प असताना शकुनबाईंनी विचारलं होतं, "आहेस का गेली?" यांनी सांगितलं, "आहे." ते दोन वाक्यांचं संभाषण त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की महिनाभराचं मौन त्यात खर्ची पडलं असावं. पण दार काही उघडलं नाही. उन्हाळा गेला, पाऊस मुरला, नदीकाठचा ढीग माझ्या कमरेला लागला, आणि कधी कधी त्या ढिगाकडे पाहताना कुसुमताईंचा चेहरा मला थकल्यासारखा दिसायचा.

आणि मग पोळा जवळ आला.

ज्यांना आमच्याकडची गोटमार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड उभं करतात, त्यावर झेंडा असतो, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि झेंड्यासाठी दोन्हीकडून दगड चालतात. डोकी फुटतात. म्हणून पोळ्याच्या आधी सरकारी लोक काठावरचे दगड उचलून नेतात, समजावतात, बैठका घेतात. त्या दिवसांत आमच्या गावात दगडाकडे कुणी साध्या नजरेनं पाहत नाही. आणि आम्ही नेमका नदीकाठी, सावरगावच्या नाकासमोर, कमरेएवढा ढीग रचून ठेवला होता! आमच्यातले बहुतेक जन्मापासून गोटमार पाहिलेले, कुसुमताई तर दोन्ही काठांच्या. पण एकाच्याही डोक्यात आलं नाही. तो आमच्या लेखी पोचेचा ढीग होता, दगडांचा नव्हताच.

पलीकडे मात्र बोभाटा झाला होता. पांढुर्णेवाल्यांनी यंदा आतापासून साठा सुरू केला, आणि तोही म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातून, संशय येऊ नये म्हणून!

पोळ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही टेकडीवरून उतरलो तर नदीकाठी पोलिसांची जीप. शेजारी टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे इन्स्पेक्टर, दोन शिपाई, आणि पलीकडच्या काठावर सावरगावची ही गर्दी. साहेबांच्या बाजूनं विचार करा. टेकडीवरून माणसांची रांग उतरते आहे, प्रत्येकाच्या हातात दगड आहे आणि कुणी अक्षर बोलत नाही.

"रुको!" साहेब ओरडले. "पत्थर नीचे रखो!"

देवरावकाकांनी दगड खाली ठेवला आणि सवयीनं म्हणाले, "आज टेकडीवर सायाळीचा काटा सापडला, त्याची पोच."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं आभाळाकडे पाहिलं. मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडात धरला.

कुसुमताई पुढे झाल्या. "साहब, ये मारने के पत्थर नहीं हैं. ये थँक्यू के पत्थर हैं."

"माताजी, थँक्यू के पत्थर क्या होते हैं?"

त्या समजावणार तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "माहीत आहे तुमचं थँक्यू! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फेकून मारान आमाले!" त्यावर तिकडे सगळे हसले, आणि कुसुमताईंचा चेहरा खाडकन उतरला. ज्या काठावर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथून आलेलं बोलणं होतं ते. साहेब माणूस चांगला. त्यांनी मऊ आवाजात सांगितलं की उद्या ट्रॅक्टर येईल आणि ढीग उचलावा लागेल, उपाय नाही. कुसुमताईंनी मान हलवली. ढिगाकडे पाहिलं. त्यातला शकुनच्या वाटचा कुठला, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढ्या महिन्यांत प्रथमच मी त्यांना बोलायची मुभा असताना गप्प पाहिलं आणि माझं हसू विरून गेलं.

तेव्हा समोरच्या भिंतीतलं ते छोटं दार उघडलं.

शकुनबाईंना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. केस मोकळे, पायात काही नाही, मागून सून "आई, चप्पल! आई!" करत येते आहे. त्या थेट गर्दीत घुसल्या आणि ज्यानं आवाज दिला होता त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कोण म्हणते मारासाठी आहे थे दगड? तू? कुसुम या गावची पोरगी आहे! तुह्या बापाले तिनं अंगाखांद्यावर खेळवलं! दर आइतवारी दोन दगड आणते थे, एक तिचा न एक माहा. मी सोता पाहून राहिली दाराच्या फटीतून. पयल्या दिवसापासून पाहून राहिली!"

नदीला पाणी बेताचं होतं. शब्दन् शब्द आम्हाला ऐकू आला. कुसुमताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशीही तिथे निळं होतं.

शकुनबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या तडक पुलाकडे निघाल्या. मागून सून, तिच्या मागून अर्धं सावरगाव. आम्ही सगळे, साहेबसुद्धा, वाट पाहत उभे राहिलो. त्या आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. इकडे तिकडे कुठेही न पाहता त्या मैत्रिणीसमोर आल्या.

"माहा कोणता?"

कुसुमताईंनी डावा हात पुढे केला आणि मूठ उघडली. साहेबांनी सांगूनही तो एक दगड त्यांनी खाली ठेवला नव्हता.

शकुनबाईंनी तो घेतला, हातात तोलला, ढिगावर ठेवला. "पोच द्या लागते ना?" त्या म्हणाल्या. मग खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "पुलावरची गिट्टी टोचून राहिली पायाले. लय दिवसानं काही टोचलं वं, कुसुम. त्याची पोच."

"पास," कुसुमताई रडतच म्हणाल्या. आम्हीही कुणी डोळे लपवायच्या भानगडीत पडलो नाही, देवरावकाकांनी तर टोपीनंच पुसले. मग कुसुमताईंनी नाक ओढलं, पदर खोचला आणि पूर्ववत होऊन म्हणाल्या, "साहब, अब आप भी दीजिए!"

कायदा समजावून सांगितल्यावर साहेबांनी विचार केला. "आज नदी के इस पार और उस पार के लोग एक जगह खड़े हैं," ते म्हणाले, "और किसी का सिर नहीं फूटा."

"पास!" दोन्ही गावं एकदम ओरडली.

दगड दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं गेले ते गेलेच. कुठल्या तरी घराच्या पायव्यात बसले असतील. त्यानंतर आमच्या दगडांवर कायमची बंदी आली, तेव्हा देवरावकाकांनी तोड काढली. त्यांच्या बगिच्यात गळलेल्या हिरव्या संत्र्यांचा सडा पडलेला असायचा, ती मुठीत घेऊन आम्ही चालायला लागलो. हिवाळ्यात संत्री पिकली तशी एक नवीच अडचण उभी राहिली, नदीकाठी पोचेपर्यंत निम्म्या लोकांच्या हातात नुसती सालं उरायची.

त्याच हिवाळ्यात माझी बदली सौसरला झाली. घरचं गाव मिळालं म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि मी मात्र सामान बांधताना जिन्याच्या पायरीवर उगाच बसून राहत होते. माझा शेवटचा रविवार होता. बसची वेळ होत आली म्हणून मी टेकडीच्या पायथ्यापर्यंतच जाणार होते. गाव संपलं, प्रत्येकानं संत्रं उचललं, कुसुमताई "होल्ड!" म्हणाल्या आणि सगळे गप्प झाले. शकुनबाई सोडून. त्या आपल्या यजमानांबद्दल सांगत होत्या. त्यांना फोडी सोलून द्याव्या लागत, बिया मोजून ते बायकोला किती छळत, आजारी बैलाशी रात्रभर कसे बोलत बसत, आणि हे सगळं सांगताना ध्यानासाठी दिलेलं संत्रं त्या खुशाल सोलत होत्या. एक फोड आपल्या तोंडात, एक कुसुमताईंच्या हातावर.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "ताई, नियमाचं काय?"

कुसुमताईंच्या तोंडात फोड होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं, माझ्या गालावरून एकदा हात फिरवला आणि शकुनबाईंच्या बाजूचा पदर कानामागे सारून पुढे चालू लागल्या. मी पायथ्याशी उभी राहिले. बगिच्याच्या वळणाआड दोघी दिसेनाशा झाल्या, तरी आवाज येतच होता. एकाच बाईचा.